रुपाताईची डावी बाजू

चार वर्षं मी रुपाताईच्या डाव्या बाजूला बसलो. तिला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नसे, आणि गाण्यात डावीकडून काय वाजतंय हे सांगायला तिला एक माणूस लागायचा. तो माणूस मी होतो. एकदाच असा प्रसंग आला की माझ्या सांगण्यावर तिचं सगळं अवलंबून होतं, आणि तेव्हा मी सांगितलं नाही. ते ओघानं येईलच. आधी तिच्याबद्दल सांगतो.

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात (नाशिककडच्या नव्हे) तिच्या आजोबांनी टाकलेलं कापडाचं दुकान आहे. दुकानावर तिचा थोरला भाऊ बसायचा, महावीरभाऊ. दुकानाच्या मागे गोदाम. तिथे गणवेशाच्या कापडाचे, पॉपलीनचे, मांजरपाटाचे गठ्ठे छताला टेकलेले, आणि त्यांच्या मधोमध जेमतेम तीन माणसं बसतील एवढी जागा. तिथे एक टेबल, दुकानाची बिलं करायला घेतलेला कॉम्प्युटर, आणि साड्या टांगायच्या लोखंडी स्टँडला दोरीनं बांधलेला माईक. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा तिनं मला टाळी वाजवायला लावली. मी वाजवली. आवाज हातातल्या हातात मेला.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "पुण्या-मुंबईत पोट्टे भिंतीले स्पंज चिकटवतात याच्यासाठी. आमच्या बाबानं आधीच करून ठेवलं."

तेव्हा ती एकतीस-बत्तीसची असेल. ठेंगणी, काटक, गळ्यात कापड मोजायची टेप आणि त्याच गळ्यात हेडफोन. लहानपणी गालगुंड झालं आणि डावा कान गेला. त्या कानापायी दोन ठिकाणी लग्न ठरता ठरता राहिलं, तिसऱ्या ठिकाणी तिनंच नाही म्हणून सांगितलं. हे मला महावीरभाऊनं सांगितलं. तिनं कधी तो विषय काढला नाही. दुकानाची बिलं करून झाली की ती कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून बीट बनवायला शिकली. मंदिरात स्तवनांच्या वेळी ती लहानपणापासून मंजिरी वाजवायची, ठेका तिच्या हातात होताच. पण स्तवनं सोडून हे हिपहॉप कुठून, असं मी एकदा विचारलं होतं.

"गाण्यात सूर कुठून येते, कोण्या बाजूनं येते, ते समजाले दोन कान लागते," ती म्हणाली. "याच्यात शब्द वेळेवर पडला पाह्यजे, बस. वेळ एका कानानं बी समजते."

तिच्या गोदामाचे नियम होते. चपला बाहेर. मोबाइल बाहेर, महावीरभाऊच्या गल्ल्याजवळ. रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार, कारण त्या वेळात बाजार थंड असतो आणि समोरच्या रस्त्यावर हॉर्न कमी वाजतात. पाचनंतर काहीही नाही, कारण घरात सूर्य मावळायच्या आत जेवण. रॅपवाली पोरं रात्र रात्र जागून गाणी करतात असं आम्ही ऐकून होतो आणि तसंच करायची आम्हाला हौस होती. ती म्हणायची, "दुपारी जे सुचत नाही ते रात्री बी सुचत नाही. रात्री फक्त सुचल्यासारखं वाटते."

शिव्यांचा नियम वेगळा होता. आम्हाला वाटलं होतं, जैनाच्या घरात शिवी चालायची नाही. तिचं तसं नव्हतं. माझ्याबरोबर पहिल्या दिवशी किशोर आला होता. तो मेडशीचा, बारावीपासूनचा माझा मित्र. घरी सोयाबीन-तुरीची बऱ्यापैकी शेती, आवाज जाड, माणूस धीट, आणि स्वतःला 'केजे' म्हणवून घ्यायचा. त्यानं माईकसमोर उभं राहून सोळा ओळी म्हटल्या, त्यात सात शिव्या. तिनं रेकॉर्डिंग थांबवलं.

"हे शिवी कोणाले देऊन राह्यला तू?"

"कोणाले म्हणजे? सिस्टीमले," किशोर म्हणाला.

"नाव सांग ना. तलाठ्याले? बापाले? मास्तरले?"

किशोर माईकच्या दोरीशी चाळा करू लागला.

"मंग काढून टाक. ज्याले द्याची हाय तो माणूस डोळ्यापुढं असन तर खुशाल दे, मी आवाज वाढवून देतो."

आमच्याकडच्या बायका जातो-येतो असंच बोलतात. तीही तसंच बोलायची.

मी तेव्हा डी.एड. करत होतो, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं माझं नाव 'मास्तर' ठेवलं. मला माझ्या ओळी तिनं बीटशिवाय म्हणायला लावल्या, एकदा, दोनदा, दहादा. "तू शब्द गिळून राह्यला. शेवटचं अक्षर कुठी जाते? पोटात?" मी वैतागलो होतो. पण त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला पहिल्यांदा कळलं की वाक्याचं शेवटचं अक्षर मी आयुष्यभर खात आलो आहे. आज वर्गात बोलताना मागच्या बाकापर्यंत माझं वाक्य पुरं पोचतं ते तिच्यामुळे.

तिचं नाव आमच्या भागातल्या पोरांत झालं ते एका आवाजामुळे. बीटमध्ये ढोलाचा जड दणका पडला की त्याच्यामागून एक कडक, कोरडा फटका येतो. सगळे लोक तो तयार आवाजांतून उचलतात. रुपाताई कापड फाडायची. कापडाला कात्रीनं बारीक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी एका झटक्यात टर्रकन फाडायचं, माईकजवळ धरून. मग त्या आवाजातला पाव सेकंद कापून घ्यायचा. पॉपलीनचा आवाज पातळ, मांजरपाटाचा भरदार, टेरिकॉट फाटताना किंचाळतं. कोणत्या गाण्याला कोणतं कापड हे ती गाण्याचे शब्द ऐकून ठरवायची.

एकदा तिनं एका ओळीसाठी अकरा वेळा कापड फाडलं. अकराव्यांदा आवाज ऐकून महावीरभाऊ धावत आला.

"अवं बाई, हे काय करून राह्यली! हे शाळेच्या ऑर्डरचं कापड हाय!"

"थानाचं टोक हाय, भाऊ. टोकाचा आवाज चांगला येते."

"आवाज? गिऱ्हाइकाले काय सांगू मी, आवाज चांगला हाय म्हणून?"

"हव," ती म्हणाली. "गिऱ्हाईक बी फाडतानीच पाह्यते ना, कापड कसं हाय ते."

महावीरभाऊनं डोक्याला हात लावला. पण दुसऱ्या दिवसापासून तो टोकं वेगळी काढून गोदामाच्या दारात ठेवू लागला. बहिणीचं काय चाललंय ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती त्या गोदामात हसते एवढं त्याला पुरत होतं.

माझं काम डाव्या बाजूचं. हेडफोन उलटा घालून ती डावीकडचं उजव्या कानानं ऐकू शकायची, पण दोन्ही बाजू एकदम कशा वाटतात, आवाज मधोमध उभा राहतो की एकीकडे कलतो, हे तिला दुसऱ्याला विचारावं लागायचं. म्हणून मी शेजारी बसायचो आणि सांगायचो, "ताई, बासरी फार डावीकडं गेली." "आता बरोबर." "आता दोघं भांडून राह्यले." माझ्या असल्या बोलण्याचाही ती नेमका अर्थ लावायची.

एकदा मला बस गाठायची घाई होती. तिनं विचारलं, "डावीकडं ठीक हाय?" मी न ऐकताच म्हटलं, "ठीक हाय." आठवड्यानं गेलो तर ती हेडफोन उलटा घालून बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "डावीकडं पंख्याचा आवाज हाय, मास्तर. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत."

मी काहीतरी पुटपुटलो.

"नाही ऐकलं तर 'नाही ऐकलं' म्हणाचं. मी बहिरी हाओ, बुद्दू नाही."

त्यानंतर तासभर ती तो पंख्याचा आवाज काढत बसली. मग चहा मागवला आणि माझ्या कपात साखर जास्त घालून दिली, कारण मला गोड लागतं हे तिला माहीत होतं.

अंकुश राठोड दुसऱ्या वर्षी आला. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. दोन बस बदलून यायचा, वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचा आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. तो गोरमाटीत रॅप करायचा, त्याच्या घरच्या भाषेत. आमच्यापैकी कोणालाही त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण तो उभा राहिला की अंगावर काटा यायचा. दिवाळीनंतर त्याच्या घरची माणसं ऊसतोडीला जायची आणि त्यालाही जावं लागायचं. म्हणून ती त्याचं सगळं काम दिवाळीच्या आत उरकून घ्यायची. आमच्या तारखा पुढे ढकलायची, त्याच्या नाही. तो गेल्यावर तयार झालेलं मिक्स ती त्याला फोनवर पाठवायची. तो उसाच्या फडात जिथे रेंज मिळेल तिथे उभा राहून ऐकायचा आणि उलट आवाजी निरोप पाठवायचा: "ताई, दुसऱ्या ओळीत माझा श्वास कापला तुमी. तो राहू द्या. तो मुद्दाम घेतलता." ती तो श्वास परत जोडायची.

किशोरला अंकुश खुपायचा. तो तोंडावर तसं म्हणायचा नाही, पण एकदा म्हणालाच. आम्ही तिघं मिळून एक गाणं करत होतो, 'धूळपेर' नावाचं. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकून वाट बघायची, त्याला आमच्याकडे धूळपेर म्हणतात. पहिला अंतरा किशोरचा, दुसरा माझा, तिसरा अंकुशचा.

"ताई, शेवटी त्याची भाषा काहून ठेवता?" किशोर म्हणाला. "कोणाले समजते? तुमाले तरी समजते का?"

"मले बी नाही समजत," ती म्हणाली. "पण त्याचं पोट दुखून राह्यलं ते समजते. तुझ्या अंतऱ्यात मले समजते सगळं, पण दुखत काहीच नाही."

किशोर हसला, पण त्याचा चेहरा काळवंडला होता. तिनं असं बोलायला नको होतं. ती खरं बोलताना समोरच्याचा चेहरा बघत नसे, स्क्रीन बघत असे.

'धूळपेर'वर तिनं पाच महिने काम केलं. त्यात तिनं मांजरपाट वापरलं, पण भिजवून वाळवलेलं, खळ गेलेलं. त्याचा आवाज वेगळाच आला, कोरड्या जमिनीला भेग पडावी तसा. तो आवाज जमला त्या दिवशी ती खुर्चीवरून उठली आणि गठ्ठ्यांच्या मधल्या बोळीत जाऊन दोन-तीन मिनिटं उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "धूळ हाय लय," म्हणाली.

गाणं पुरं झालं आणि किशोरला पुण्यात नोकरी लागली. जाताना तो गाण्याच्या सगळ्या फाइली आपल्या लॅपटॉपवर घेऊन गेला. तिनंच दिल्या. "तथी कोणाले ऐकवता आलं तर ऐकव," म्हणाली. त्यानं ऐकवलं. गाणी काढणाऱ्या एका लहानशा कंपनीला ते आवडलं. चार-पाच महिन्यांनी त्याचा मला फोन आला: गाणं येतंय, तिसरा अंतरा कंपनीनं काढला, तुझा आहे. नाव कोणाचं लिहिलंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ते कंपनीवाले ठरवतात बे."

गाणं आलं. मी मोबाइलवर उघडलं. खाली लिहिलं होतं, शब्द, संगीत आणि निर्मिती: केजे. सोबत गायक म्हणून माझं नाव होतं. मी माझं नाव तीन-चार वेळा वाचलं. रुपाताईचं नाव नव्हतं, अंकुशचं तर आवाजासकट नव्हतं. तिला हे सांगायला पाहिजे, असं मला रोज वाटत होतं. सहा दिवस वाटत राहिलं.

सातव्या दिवशी तिला कळलं. कसं ते मला महावीरभाऊनं सांगितलं. भर दुपारी दुकानासमोरून लग्नाची वरात चालली होती, पुढे डीजेची गाडी. ती गल्ल्याजवळ एका बाईला परकराचं कापड मोजून देत होती. गाडीवरचं गाणं बदललं आणि पहिला फटका पडताच ती थांबली. कात्री हातात तशीच धरून पायरीवर आली. वरात चौकाकडे वळेपर्यंत उभी राहिली. लोक नाचत होते. तिसऱ्या अंतऱ्याची जागा आली, अंतरा आलाच नाही, गाणं संपलं. मग ती आत आली आणि त्या बाईला म्हणाली, "किती मीटर म्हणाल्या होत्या तुमी?"

तिचा फोन मला संध्याकाळी आला.

"मास्तर, पाह्यलं का तू?"

"हव, ताई."

"कधी?"

"काल," मी म्हणालो.

 ती म्हणाली, "माह्या नावाचं जाऊ दे. अंकुशचं काहून काढलं? त्यानं श्वास मोजून घेतला होता तथी."

किशोरनं तिचा फोन उचलला नाही. तिनं कंपनीला पत्र लिहिलं, आमच्यापैकी कोणाचीही मदत न घेता. कंपनीचं उत्तर सभ्य होतं. फाइली तुमच्याकडेही आहेत आणि केजेकडेही आहेत, त्यामुळे फाइलींवरून काही ठरत नाही. प्रसिद्ध झालेल्या गाण्यात ज्यांचा आवाज आहे अशा कोणी लेखी कळवलं की निर्मिती तुमची आहे, तर आम्ही श्रेय दुरुस्त करू. हे उत्तर तिनं मला गोदामात वाचून दाखवलं.

"किशोर तर लिहिणार नाही," ती म्हणाली. "अंकुशचा आवाजच राह्यला नाही गाण्यात. म्हणजे तूच हायेस एकटा."

"लिहितो, ताई. आजच लिहितो."

"आज नाही लिहिलं तरी चालते. नीट लिहिजो."

त्याच आठवड्यात किशोरचा फोन आला. त्याला सगळं माहीत होतं. तो चिडला नव्हता, उलट फार गोड बोलत होता.

"तिनं काय केलं सांग बरं? आपण बोललो, तिनं बटना दाबल्या. कॉम्प्युटर तिचा होता, एवढंच ना? आणि तुझा अंतरा ठेवाले मी भांडलो हाय, मास्तर. कंपनीवाले दोन्ही काढून राह्यले होते. पुढच्या महिन्यात अकोल्याले प्रोग्राम हाय. पोस्टरवर तुझं नाव टाकू का नको, तेवढं सांग."

मी म्हणालो, टाक.

कंपनीला मी पत्र लिहिलं. दोन दिवस लिहीत होतो. शेवटी जे पाठवलं ते मला आजही तोंडपाठ आहे: 'सदर गाण्याच्या निर्मितीच्या वेळी मी प्रत्येक प्रसंगी उपस्थित नसल्याने याबाबत निश्चित सांगू शकत नाही.' यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पाच महिन्यांत मी दोन-तीन वेळा खरोखरच गैरहजर होतो.

अंकुशनं फडातून तीन मिनिटांचा आवाजी निरोप थेट कंपनीला पाठवला. त्यानं सगळं सांगितलं, कोणत्या तारखेला काय केलं, कोणतं कापड, किती वेळा. मला त्यानं तो ऐकायला पाठवला होता. मागे कोयत्यांचे आवाज येत होते. कंपनीनं उत्तर दिलं की सदर व्यक्ती प्रसिद्ध झालेल्या गाण्यात सहभागी नाही.

अकोल्याचा कार्यक्रम झाला. उघड्या मैदानावर, मोठाल्या स्पीकरवर तिचं मांजरपाट फाटत होतं आणि समोरची पोरं उड्या मारत होती. मी माझ्या सोळा ओळी म्हटल्या. शेवटचं अक्षर गिळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर किशोरनं मला कधी बोलावलं नाही. त्याची पुढची तीन गाणी मी ऐकली, ती कोणीच ऐकली नाहीत म्हणा. चौथं आलंच नाही. हे सांगताना मला समाधान वाटायला पाहिजे, पण वाटत नाही. गाणी वाईट नव्हती. फक्त फटका तयार आवाजातला होता.

कार्यक्रमानंतर आठ-दहा दिवसांनी मी गोदामात गेलो. न जाताही चाललं असतं, पण आपण काही फार वाईट केलेलं नाही असं तिच्याच तोंडून ऐकायची मला गरज होती. महावीरभाऊनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. तो मला नेहमी 'या मास्तर' म्हणायचा.

ती गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. कॉम्प्युटर बंद होता.

"बस," ती म्हणाली.

मी नेहमीच्या जागी, तिच्या डावीकडे बसायला गेलो. तिनं हातानं दाखवलं, उजवीकडे. मी उजवीकडे बसलो.

"कंपनीनं तुझं पत्र पाठवलं मले," ती म्हणाली. "निश्चित सांगू शकत नाही. हे असं बोलणं कुठी शिकला तू? मी तर नाही शिकवलं."

"ताई, माझी अडचण..."

"मले अडचण नको सांगू. तू 'तिनं नाही केलं' असं लिहिलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, पोट्टा खोटं बोलला. भांडली असती तुझ्याशी. आता कोणाशी भांडू? तू तर काही बोललाच नाहीस."

मी खाली बघत होतो. ती रागावलेली नव्हती, तेच फार वाईट होतं. तिनं टेबलाच्या खणातून एक पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात दिला.

"चार वर्षाचं हाय याच्यात, तू म्हटलेलं. पहिल्या दिवसापासून. मी पुसलं असतं, पण आवाज दुसऱ्याचा हाय. दुसऱ्याचा आवाज आपण नाही पुसत."

तो पेनड्राइव्ह माझ्या कपाटात आहे. मी तो आजपर्यंत लावून पाहिलेला नाही.

नंतरची तीन-चार वर्षं मी तिच्याबद्दल इकडून तिकडून ऐकत राहिलो. गोदामात पोरं येणं थांबलं. नवीन पोरं अजून विचारत यायची. महावीरभाऊ त्यांना पायरीवरूनच सांगायचा, "बंद झालं ते." मग एक दिवस मालेगावच्या बाजारात मला एक ऑटो दिसला, वर भोंगा, लग्नसराईच्या कापडाची जाहिरात ओरडत चाललेला. 'साड्या, शालू, शर्टिंग, सूटिंग...' मागे संगीत वाजत होतं. मी चालता चालता थांबलो. त्या संगीतात एकही चूक नव्हती. प्रत्येक शब्द बरोबर वेळेवर पडत होता, आणि बाजारात कोणीही ते ऐकत नव्हतं. ऑटो पुढे गेला. भाजीवाली माझ्यावर खेकसली, कारण मी तिच्या पालकावर पाय दिला होता.

अंकुशनं गाणं सोडलं का, मला माहीत नाही. त्यानं माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहे.

मला किन्हीराजाजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. सहावी-सातवीच्या मुलींनी नाचासाठी गाणं निवडलं, 'धूळपेर'. मी दुसरं सुचवून पाहिलं. मुली म्हणाल्या, "सर, यात तुमचा आवाज हाय ना! हेच पाह्यजे." त्यांना त्याचा फार अभिमान होता.

दुपारच्या सुट्टीनंतर मैदानात तालीम चालू असताना फाटकातून एक टेम्पो आत आला. गणवेशाचे गठ्ठे. ड्रायव्हरच्या शेजारून रुपाताई उतरली. महावीरभाऊचे गुडघे गेल्यापासून माल पोचवायचं काम तीच बघते, हे मला नंतर शिपायानं सांगितलं. केस कपाळावर पांढरे झाले होते. गळ्यात टेप होती, हेडफोन नव्हता. मुख्याध्यापक कोणाशी तरी बोलत होते, पावतीवर सही व्हायची होती. म्हणून शिपायानं तिला व्हरांड्यात खुर्ची दिली, आणि व्हरांडा मैदानालाच लागून आहे.

मुलींनी स्पीकर चालू केला.

ती ऐकत राहिली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी मुलींच्या पलीकडे उभा होतो. तिनं मला पाहिलं, मान किंचित हलवली, जशी कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही मास्तरला हलवली असती. मुली टाळी चुकत होत्या. फटका पडायच्या जरा आधीच वाजवत होत्या. दोनदा चुकल्या, तीनदा चुकल्या. मग ती खुर्चीवरून उठली, पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेतल्या मुलीचे दोन्ही हात आपल्या हातात धरले.

"घाई नको करू, बाई. थांब. अजून थांब. आता."

टाळी आणि फटका एकदम पडले. मुलगी चमकून हसली. तिनं सगळ्या रांगेकडून तसं करून घेतलं, दोन वेळा. त्या दोन मिनिटांत मी तिला पुन्हा गोदामात बघितलं.

त्या मुलीनं वळून मला विचारलं, "सर, या मॅडमले आपलं गाणं कसं काय येते? कोण हायेत या?"

रुपाताई मुलीचे हात सोडून माझ्याकडे वळली.  फक्त उभी राहिली, मी काय सांगतो ते ऐकायला. वीसेक मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सगळं सांगायला चार शब्द पुरले असते.

"गणवेशाचं कापड देतात त्या," मी म्हणालो. "नमस्कार करा."

"नमस्कार मॅडम," मुली एका सुरात म्हणाल्या.

तिनं हात जोडले. व्हरांड्यात जाऊन सही झालेली पावती घेतली. जाताना माझ्याजवळून गेली तेव्हा म्हणाली, "सातवीच्या मुलींचे दोन पीस कमी हायेत, सर. बुधवारी पाठवतो." इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच 'सर' म्हटलं.

टेम्पो वळला, फाटकापाशी थोडा अडकला, मागे घेतला आणि रस्त्याला लागला. ती पुढे बघत बसली होती.

"सर, पहिल्यापासून लावू का?" स्पीकरजवळच्या मुलीनं विचारलं.

मी म्हणालो, लाव.